मिरचीची फांदी पाण्यात का कुजते आणि मातीशिवाय तिला मुळं कशी आणायची

काका, तुम्ही विचारलंत ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे ज्यांना हाच त्रास होतोय त्यांनाही कळेल. कोपरखैरण्याला तुमच्या बाल्कनीत मिरचीचं जुनं झाड आहे, बी गुहागरच्या बहिणीकडचं, बारीक, वर तोंड करून लागणारी मिरची, एक चावली की कानशिलं तापतात. झाड चार वर्षांचं झालंय, दमलंय. दिवाळी झाली की सोसायटीचं रिपेरिंग निघणार, परांची बांधणार, बाल्कन्या रिकाम्या करा अशी नोटीस आलीये आणि मातीच्या कुंड्या घरात घ्यायला काकू तयार नाहीत. म्हणून तुम्ही फांद्या काढून ग्लासभर पाण्यात ठेवल्यात, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा आठ-दहा दिवसांत खालचं टोक काळं, पानं गळलेली, पाण्याला वास. वर शेजारच्यांनी सांगितलं की मिरचीला फांदीने मुळं फुटतच नाहीत, बीच लावावं लागतं.

फुटतात हो. मी १८ वर्षं ठाण्यात घोडबंदर रोडला भाज्यांची आणि मिरचीची रोपं करते, आणि दरवर्षी पावसाळ्यात ज्या झाडाची मिरची आवडली त्याच्या फांद्या लावतेच. पण मिरची म्हणजे मनीप्लांट नाही, आणि टोमॅटोही नाही. टोमॅटोच्या खोडावर मुळांचे बारीक फोड आधीच तयार असतात, पाणी लागलं की आठवड्यात दाढी फुटते. मिरचीला मूळ नव्याने घडवावं लागतं, त्याला पंधरा ते पंचवीस दिवस जातात, आणि तेवढे दिवस ती फांदी मुळांशिवाय जिवंत ठेवायची हे खरं काम. तुमच्या फांद्या मला वाटतं पाण्यात गुदमरून गेल्या. जखमेच्या जागी नवं मूळ तयार होताना तिथल्या पेशींना भरपूर ऑक्सिजन लागतो आणि काठोकाठ भरलेल्या ग्लासात तळाशी तो नसतो. त्यात आपल्याकडची गरमी. पाणी जितकं गरम तितकी त्यात हवा कमी मावते, २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि त्यातला बराचसा जंतूच खाऊन टाकतात कारण गरम पाण्यात त्यांचीही चैन असते. म्हणून परदेशातला कोणीतरी थंड खोलीत ग्लासभर पाण्यात मिरचीला मुळं आणून दाखवतो आणि आपल्याकडे मे महिन्यात तेच केलं की चार दिवसांत बुळबुळीत.

पण पाण्याच्या आधी फांदीचं बोलू, कारण अर्धा निकाल तिथेच लागतो. चार वर्षांच्या झाडाची तुम्ही बहुतेक मोठी, दमदार दिसणारी फांदी घेतली असणार, सगळे तेच करतात. खालून तपकिरी, कडक, वर फुलं आणि दोन-चार मिरच्या. अशा फांदीला मुळं फुटायला फार जड जातं, आणि तिच्यातली साखर फुलं-मिरच्याच ओढून घेतात. आपल्याला हवा हिरवा, बोटाने दाबला तर किंचित वाकणारा, पेन्सिलपेक्षा थोडा बारीक, १० ते १२ सेंटिमीटरचा शेंडा. आता मिरचीची गंमत अशी की तिचं मुख्य खोड वर जाऊन एका फुलात संपतं आणि तिथून इंग्रजी वाय सारखे दोन फाटे होतात, मग प्रत्येक फाट्याशी पुन्हा फूल, पुन्हा दोन फाटे. म्हणजे पहिल्या फाट्याच्या वर बिनफुलाचा शेंडा मिळणं मुश्कील. पण त्या पहिल्या फाट्याच्या खाली, खोडावर पानांच्या बगलेतून जे फुटवे येतात ते बरेच दिवस नुसते पानांचेच राहतात. फांदी लावायला मी कायम तेच घेते. तुमच्या झाडाला तसे फुटवे आत्ता नसतील तर करायला लावायचे. झाड निम्म्यावर छाटा, थोडी पानं राहू द्या, कुंडीत दोन मुठी गांडूळखत घाला, आणि छाटल्यावर पाणी कमी करा कारण पानं कमी झाली की झाड पाणीही कमी पितं, तिथे लोक जास्त घालून मुळं कुजवतात. आत्ता श्रावण आहे, गणपती उरकेपर्यंत तीन-चार आठवड्यांत कोवळे फुटवे येतील, त्यानंतर मुळं यायला तीन आठवडे, म्हणजे दिवाळीपर्यंत हिशोब बरोबर बसतो. छाटलेल्या फांद्यांचे हिरवे शेंडे मिळाले तर तेही लावून बघा, फुकट आहेत, पण फुलं-कळ्या सगळ्या खुडून.

अजून एक, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. तुम्ही लिहिलंय नवीन पानं थोडी वळलेली दिसतात. छाट म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, त्याच्यात जो आजार आहे तो सगळ्या पिल्लांत जाणार. एका वर्षी मी एक देखणं झाड आणलं, भरपूर लागलेलं, शेंड्याची दोन पानं जरा जाड वाटली पण दुर्लक्ष केलं, त्याच्या तीसेक फांद्या लावल्या, मुळंही मस्त आली, आणि महिन्याभरात तीसच्या तीस बोकड्या झाली. चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वळतात आणि झाड खुरटतं. सगळी उपटून टाकली आणि रडू आलं होतं मला. तेव्हा आधी पान उलटं करून उजेडात नीट बघा, शक्य असेल तर भिंगाने. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे, पानांच्या मागे पिवळट, सुईच्या टोकाएवढे, पळणारे. कडा खाली वळल्या असतील, पान लांबट आणि ठिसूळ झालं असेल तर पिवळे कोळी, ते साध्या डोळ्यांना दिसतच नाहीत. या दोन्हींचं नियंत्रण करता येतं, आणि स्वच्छ झालेल्या झाडाचे नवे फुटवे घेता येतात. पण पानं लहान, पिवळसर, शिरा जाड, पेरं आखूड होऊन शेंड्याला झुपका आलेला आणि झाड वाढायचंच थांबलंय असं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस, त्यावर औषध नाही. तसं असेल तर फांदीचा नाद सोडा आणि लाल पिकलेल्या मिरच्या सावलीत सुकवून बी ठेवा. बी तसंही ठेवाच. फक्त बाल्कनीत शेजारी ढोबळी किंवा ज्वाला असेल तर परागीकरण मिसळू शकतं आणि बहिणीच्या मिरचीचं बी लावून तिसरंच काही निघतं, छाटीत ती भानगड नाही, झाड हुबेहूब तेच.

हातांचंही बघा. घरात कोणी तंबाखू मळत असेल तर त्या हातांनी मिरचीला शिवू नये, तंबाखूतला मोझेक व्हायरस हातावरून, ब्लेडवरून मिरचीत जातो. माझ्याकडे कामाला येणाऱ्या भाऊंना मी साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांजवळ येऊ देत नाही, त्यांना सुरुवातीला राग यायचा, आता स्वतःच धुतात.

कापायचं सकाळी, ऊन चढायच्या आत, तेव्हा फांदी पाण्याने भरलेली असते. दाढीचं नवीन ब्लेड घ्या, कात्री नको, ती देठ चेपते आणि चेपलेलं आधी कुजतं. गाठ म्हणजे जिथून पान निघतं ती जागा, तिच्या अर्धा सेंटिमीटर खाली तिरका काप. खालच्या दोन गाठींची पानं काढून टाका, नखाने ओरबाडू नका, ब्लेडने. वरची तीन-चार पानं ठेवायची आणि त्यातली मोठी असतील ती निम्मी आडवी कापायची. लोकांना हे जिवावर येतं, एवढी छान पानं कशाला कापायची म्हणतात, पण मुळं नाहीत तोवर प्रत्येक पान म्हणजे पाणी बाहेर टाकणारी खिडकी आहे. सगळीच पानं काढली तरी चालत नाही, कारण मुळं फुटायचा जो संदेश असतो तो, म्हणजे ऑक्सिन, शेंड्यातून आणि कोवळ्या पानांतून खाली उतरतो आणि कापलेल्या टोकाशी साठतो, म्हणूनच तर मूळ खालून येतं. कापलेल्या फांद्या साबणाच्या अगदी फिक्या पाण्यात मिनिटभर बुडवून साध्या पाण्याने धुऊन घेते मी, किडे असले तर निघून जातात.

आता पाण्यात लावायचं तर ग्लास नको, लोणच्याची किंवा जॅमची छोटी बाटली घ्या, बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळा कारण उजेड आत गेला की शेवाळ धरतं आणि मुळांनाही अंधार आवडतो. पाणी तळाशी फक्त तीन-चार सेंटिमीटर, एक गाठ बुडेल एवढंच, दुसरी गाठ पाण्याच्या वर दमट हवेत. तुमचं चुकलं ते इथे. भरपूर पाणी म्हणजे भरपूर माया असं आपल्याला वाटतं, पण उथळ पाण्यात हवा सहज उतरते आणि जी गाठ पाण्याच्या जरा वर असते तिथूनच कितीदा पहिलं मूळ निघालेलं मी बघितलंय. पहिला आठवडा पाणी रोज बदला, नुसतं वरून घालू नका, ओतून द्या, बाटली आतून बोटाने चोळून धुवा, बुळबुळीत लागली तर गरम पाण्याने. नंतर एक दिवसाआड. नवी मुंबईचं मोरबे धरणाचं नळाचं पाणी चांगलं आहे, रात्री भांड्यात उघडं ठेवून सकाळी वापरलं की झालं. टँकरचं किंवा बोअरचं असेल तर टाळा, क्षार असतात, मग आर.ओ. फिल्टरचं घ्या. आणि बाटलीच्या तोंडाला कापूस किंवा फॉइल लावा, फांदी धरून राहते ते एक, आणि डेंग्यूच्या डासाची अळी साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते, पावसाळ्यात पालिकेचे लोक घरोघरी ट्रे-फ्लॉवरपॉट तपासायला येतात ते याच्याचसाठी.

पाच-सहा दिवसांनी देठावर पाण्याच्या रेषेशी पांढरे पांढरे दाणे दिसतील, खसखस चिकटल्यासारखे. घाबरू नका, बुरशी नाही ती. देठाची श्वास घ्यायची छिद्रं फुगून वर येतात, फांदी हवा शोधतेय. बुरशी कापसासारखी, तंतूंची आणि बोटाने पुसली की निघते, हे दाणे पुसून जात नाहीत. कापलेल्या टोकाशी फिकट गाठाळ थर येतो, तोही चांगलाच. मग बरेच दिवस काहीच घडत नाही, आणि इथेच धीर सुटतो, लोक रोज फांदी उपसून बघतात. पानं ताठ आहेत ना, देठ हिरवा आहे ना, मग तिला सोडा. टोक तपकिरी, मऊ झालं तर तेवढं कापून नवा काप घ्या आणि बाटली धुऊन परत ठेवा, काळेपणा वरपर्यंत चढला असेल तर ती फांदी गेली.

रूटिंग पावडर, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी पावडर, पाण्यात लावलेल्या फांदीला लावू नका, पाण्यात धुऊन जाते आणि पाणी नासतं. मध, दालचिनी, कोरफड याबद्दल सगळे विचारतात. मध पाण्यात गेला की जंतूंना जेवण. दालचिनी टोक कोरडं पाडते. कोरफडीने नुकसान नाही, फायदाही मला स्पष्ट दिसला नाही.

मला स्वतःला विचाराल तर मिरचीसाठी पाण्यापेक्षा कोकोपीट. मातीच नको ना, मग ही मातीच नाही, नारळाच्या काथ्याचा भुसा आहे, काकूंचा ओटा घाण होत नाही. फक्त धुवून घ्या, त्यात मीठ असतं, बादलीत भिजवून तीन वेळा पाणी निथळून टाका. मग निम्मं कोकोपीट, निम्मं परलाइट, म्हणजे पांढरे, हलके, फुगवलेले खडे, ते नसतील तर जाडसर वाळू चांगली धुऊन. मुठीत घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर ओलं जास्त आहे. तळाला भोकं पाडलेल्या कागदी चहाच्या कपात भरा, आधी काडीने भोक पाडा मग फांदी घाला, नाहीतर लावलेली पावडर वरच पुसली जाते. हो, इथे पावडर उपयोगी पडते, आय.बी.ए.ची, म्हणजे ऑक्सिनसारख्याच संप्रेरकाची, कोवळ्या फांदीसाठीची हलकी घ्या, टोक बुडवून झटकायचं, जाड थर नको. वरून पाण्याच्या कापलेल्या बाटलीची टोपी, झाकण काढून. पण काका, आत्ता हवेतच इतका दमटपणा आहे की टोपी बऱ्याचदा लागत नाही, उलट सतत झाकून ठेवली तर बुरशी येते, म्हणून दिवसातून दोनदा काढून वारा लागू द्या. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की मात्र टोपी हवीच. आठवड्याने, दहा दिवसांनी फांदी हलकेच ओढून बघायची नाही. पंधरा दिवसांनंतर बघा, हाताला आत धरून ठेवल्यासारखं लागलं की मुळं आली.

जागा कुठली, तर उजेड भरपूर पण थेट ऊन नको. गॅसजवळची खिडकी नको, आणि केळी, आंबे, पिकणारी पपई यांच्या शेजारी अजिबात नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन गॅस निघतो, त्याने मिरचीची पानं धडाधड गळतात. गणपतीत घरात केळ्यांचे घड येतात आणि लोक मला सांगतात आजपर्यंत छान होती, एकाएकी पानं टाकली. पंख्याखालीही नको.

ज्यांना खूप फांद्या करायच्या असतील त्यांनी बादलीचा प्रयोग करावा. रंगाची झाकणवाली काळी किंवा काळी रंगवलेली बादली, झाकणाला भोकं, भोकात स्पंजच्या तुकड्यात धरलेली फांदी, आत माशांच्या टाकीच्या एअर पंपाची नळी आणि तिच्या टोकाला बुडबुडे सोडणारा एअर स्टोन. बुडबुडे फुटून देठावर सतत तुषार उडतात, हवा आणि पाणी दोन्ही मिळतं, मिरचीला यात सगळ्यात लवकर मुळं येतात. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटं पंपात शिरतं. आणि पातळी देठाच्या टोकाला जेमतेम लागेल एवढीच. एका मे महिन्यात माझ्याकडे रात्रभर वीज नव्हती, दोन बादल्या होत्या, एकीत पाणी वरपर्यंत भरलेलं तिच्यातल्या सगळ्या फांद्या सकाळी मलूल आणि दोन दिवसांत काळ्या, दुसरीत पाणी कमी होतं ती वाचली. तुम्हाला पाच-सहा झाडांसाठी एवढं करायची गरज नाही.

पाण्यात आलेली मुळं दोन-तीन सेंटिमीटरची झाली की लगेच कोकोपीटमध्ये हलवा. लांब पांढरी मुळं बघायला छान वाटतात म्हणून लोक महिनाभर ठेवतात, पण पाण्यातली मुळं नाजूक, हलवताना तुटतात आणि झाड बसतं. हलवल्यावर आठवडाभर टोपीखाली, सावलीत.

खाद्याचं काय? मुळं नाहीत तोवर काहीच नाही. मुळं आल्यावर १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत, पाव ग्रॅम लिटरला, आठवड्यातून दोनदा, नंतर वाढवत अर्धा-एक ग्रॅम. पण नुसत्या १९:१९:१९ वर मिरची मातीशिवाय नीट राहत नाही, कारण त्यात कॅल्शियम नाही, नवी पानं सुरकुततात आणि माणसाला वाटतं व्हायरस आला. म्हणून कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी, अर्धा ग्रॅम लिटरला, आणि चिमूटभर एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियमचं मीठ, महिन्यातून दोनदा. दोन्ही खतं घट्ट एकत्र कालवू नका, चुन्यासारखा साका बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. परांची उतरेपर्यंत झाडं जिवंत ठेवायची हेच आपलं ध्येय, त्यासाठी खिडकीत चार-पाच तास ऊन पुरे. परांचीवर हिरवी जाळी लागली की उजेड निम्मा होतो, तेव्हा २० वॅटची एलईडी ट्यूब झाडांच्या वितभर वर दहा-बारा तास लावा. कळ्या येतील त्या पहिले दोन महिने खुडा. छाटीच्या झाडाला सोटमूळ नसतं, नुसता झुबका असतो, म्हणून वर जड झालं की कलंडतं, लहानपणीच काडीचा आधार द्या.

दहा लावा काका, दोन हवी असली तरी. सगळ्या लागत नाहीत, माझ्याही लागत नाहीत. जास्तीच्या लागल्या तर एक मुलीकडे, एक शेजारी द्या, म्हणजे एका घरी काही झालं तरी वाण राहील, आणि एक पुढच्या खेपेला गुहागरला बहिणीकडेच घेऊन जा, कारण तिच्याकडचं मूळ झाड अजून आहे का हे तुम्ही सांगितलं नाहीत.

आणि जुनं झाड फुटवे काढून झाल्यावर फेकू नका. मिरची मुळात बारमाही झुडूप आहे, आपण तिला एका हंगामाची समजतो. सोसायटीच्या कंपाउंडला जिथे सकाळचं ऊन येतं आणि परांचीचा राडारोडा पडणार नाही अशा कोपऱ्यात कुंडी नेऊन ठेवा, वॉचमनना सांगा पाणी घालायला, मिरच्या त्यांनी खाल्ल्या तर खाऊ देत.